गव्हाणीतली काडी

"मी आज इग्याला मारलं नाही," मी म्हणाले.

मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "मारावंसं वाटत होतं का?"

"लई."

"लई नाही. फार."

"फार लई."

मास्तरांनी मांडीवरच्या पेंढीतून गव्हाच्या काडाची एक काडी उपसली, मेणबत्तीच्या उजेडात धरून सरळ आहे का बघितली आणि माझ्या हातात दिली. मी गुडघ्यांवरच सरकत पुढं गेले आणि क्रूसाखालच्या गव्हाणीत ती आडवी ठेवली.

"मला पण एक," माझा भाऊ म्हणाला. "मी मार खायला तयार बसलो होतो."

"तयार बसण्याची काडी मिळत नाही, इग्नास."

"मग मी तिला चावलो नाही."

"चावावंसं वाटत होतं?"

इग्या नेहमी खरं बोलून फसायचा. "न्हाई. तिचे हात घाण असत्यात."

"मग नाही काडी."

नाताळाआधीचे चार आठवडे, म्हणजे आगमनकाळ, आमच्या घरात असे जायचे. दर रविवारी अशोकाच्या पाल्याच्या कड्यात एकेक मेणबत्ती जास्त पेटायची. रोज दिवेलागणीला प्रार्थना, आणि प्रार्थनेनंतर काड्या. बाळ येशू येणार, त्याच्या गव्हाणीत आपल्या त्यागाची गादी पाहिजे. नियम एकच होता आणि तो मास्तरांचा होता. नुसतं चांगलं वागून काडी मिळत नसे. मनाला काहीतरी हवंहवंसं झालं पाहिजे आणि त्या मनाला मुरड घातली पाहिजे. म्हणून त्यांचा सवाल ठरलेला, वाटत होतं का? आणि काडी अखंड पाहिजे. मोडकी निघाली की मास्तर ती चुलीकडं भिरकावायचे. "टोचते बाळाला," म्हणायचे. बाळ प्लास्टरचं होतं. वर्षभर मास्तरांच्या जुन्या धोतरात गुंडाळून पेटीत पडलेलं असायचं आणि त्याच्या एका पायाचा अंगठा उंदरानं नेलेला होता. पण टोचायला नको.

मास्तर म्हणजे माझे आजोबा. शाळेचे मास्तर नव्हेत, धर्माचे. कालव्याकाठच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत फादर महिन्यातून एकदा यायचे, बाकीचे दिवस देव मास्तरांच्या ताब्यात असायचा. मुलांना प्रार्थना शिकवणं, मयताला जाणं, भांडणं सोडवणं, सगळं तेच करायचे. गावातले लोक आमच्या वस्तीला अजून जुन्याच नावानं ओळखायचे, पण मास्तर रस्त्यानं निघाले की तेच लोक सायकलवरून उतरायचे. हा मान त्यांनी पांढऱ्या सदऱ्यावर आणि शुद्ध बोलण्यावर मिळवला होता, आणि तो ते घरात फार जपायचे. आजीसुद्धा त्यांना मास्तरच म्हणायची. आजीचं नाव चर्चच्या वहीत सिसिलिया होतं. तिला सखू म्हटल्याशिवाय ती वळून बघत नसे.

माझं नाव अगाथा. ते कुणाच्या तोंडात बसेना म्हणून अगी झालं, आणि मला राग लवकर यायचा म्हणून अगीची आगी झाली. तेव्हा मी पाचवीत होते. आई आणि भाऊ, म्हणजे आमचा बाप, हंगामात ऊसतोडीला जायचे आणि नाताळाच्या आदल्या दिवशी यायचे. तोवर आम्ही दोघं आजी-आजोबांच्या गळ्यात.

त्या वर्षी प्रार्थनेला एक माणूस जास्त होतं. माझी क्लारा आत्या. दिवाळी झाली आणि एका पिशवीत दोन लुगडी घालून ती माहेरी आली ती आलीच. भिंतीला टेकून, डावीकडचा पदर कानावर ओढून बसायची. त्या कानाची पाळी खालपर्यंत फाटलेली होती.

"आत्या, कानाला काय झालं?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"बैलानं ओढलं."

"तुमच्या घरात बैल हाये?"

"हाये एक. दारू पितो."

इग्याला दारू पिणारा बैल एवढा आवडला की तो दिवसभर झोकांड्या खात, हंबरत अंगणात हिंडला. आत्या त्याच्याकडं बघत राहिली. हसली नाही, पण पदर जरा सैल सोडला.

रोज सगळ्यांच्या काड्या झाल्या की मास्तर भिंतीकडं बघून विचारायचे, "क्लारा?"

"काही नाही, बाबा."

"तुझी काडी कुठली, ते तुला ठाऊक आहे."

ते आम्हाला पण ठाऊक होतं. आत्यानं नांदायला परत जायचं, ही तिची काडी. चौथ्या रविवारी पास्कलमामा, म्हणजे तिचा नवरा, तिला न्यायला येणार होता. मास्तरांनीच निरोप धाडला होता. सगळ्या वस्तीच्या लेकीसुनांची समजूत घालून त्यांना परत पाठवणारा माणूस, त्याचीच पोरगी घरात, तर नाताळाला देवळात उभं राहून त्यानं काय सांगायचं? हे ते बोलायचे नाहीत. पण अंगणातनं कुणी "मास्तर, क्लाराबाई अजून हायेत व्हय?" असं विचारलं की त्यांच्या मानेची शीर उडायची.

दुसऱ्या आठवड्यात मी हापशावर पाणी भरायला गेले. दोन बाया दांड्याला लटकून बोलत होत्या.

"मास्तरच्या लेकीची काडीमोड व्हणार म्हनं."

"आपल्यात कुठं असती काडीमोड?"

"तेच की. तरी झालीच म्हनं."

मी कळशी अर्धीच भरून घरी पळाले. गव्हाणीत हात घालून एकेक काडी तपासली. खाली एक काडी मधोमध मोडलेली निघाली. मला सगळं कळलं. आत्यानं गुपचूप एक काडी ठेवली असणार आणि या इग्यानं ती मोडली असणार. दुसरं कोण? मी त्याला तिथंच झोडपणार होते, पण मग काडी बुडाली असती. दिवेलागणीपर्यंत मी दात आवळून बसले.

"मास्तर," प्रार्थना झाल्याझाल्या मी उभी राहिले, "इग्यानं आत्याची काडीमोड केली."

आजीनं आत्याकडं बघितलं.

"काय केलं?" मास्तरांनी विचारलं.

"काडीमोड! सगळा हापसा बोलतोय. ही बघा." मी मोडलेली काडी वर धरली.

"मी न्हाई!" इग्या रडायलाच लागला. "माझा नुसता गुडघा पडला! गुडघ्यानं व्हत न्हाई काडीमोड!"

आजी आधी तोंडाला पदर लावून हसली. मग पदर पुरेना. हसता हसता तिला ठसका लागला, आत्यानं तिची पाठ चोळली आणि चोळता चोळता तीच फिसकन हसली. माहेरी आल्यापासून पहिल्यांदा.

"हसताय काय?" मला संताप आला. "तिची काडी मोडली आणि तुम्ही हसताय!"

"इकडं ये, आगे." आजीनं मला जवळ ओढलं. "आपल्या लोकांनी बाप्तिस्मा घेतला नव्हता तवाची गोष्ट. बाईला नांदणं जड झालं की पंच बसायचे. तिनं एक काडी घ्यायची आणि सगळ्यांदेखत मोडायची. मोडली की ती सुटली. माझी मावशी सुटली अशी. मी तिच्या मांडीवर बसलेली व्हते."

"एवढंच?"

"एवढंच."

"सखू," मास्तर म्हणाले, "तो शब्द या घरात नको. देवानं बांधलेली गाठ आहे. आपल्या धर्मात काडीमोड नाही."

"शब्द मी कुठं आणला? तुमच्या नातीनं आणला, हापशावरनं, पाण्याबरोबर."

"चेष्टा नको."

"बरं, नको." आजीचं हसू गेलं होतं. "खालच्या आळीच्या रोझीला पण तुम्हीच परत पाठवली, मास्तर. तिची गाठ सुटली का न्हाई शेवटी?"

रोझी विहिरीत सापडली होती. तिचं नाव आमच्या घरात निघत नसे. मास्तरांनी माझ्या हातातली मोडकी काडी घेतली, चुलीकडं भिरकावली आणि न जेवता झोपले.

तिसऱ्या आठवड्यात शेळीनं घोटाळा केला. आजी आणि आत्या पडवीत करंज्या लाटत होत्या. मी सारण चोरून खात नव्हते, म्हणजे काडीची सोय बघत होते. इग्यानं घराचं दार उघडं टाकलं आणि मोगरी आत शिरली. मी जाऊन बघते तर ती क्रूसाखाली उभी, डोळे मिटून रवंथ करतीये, आणि गव्हाणी साफ. तळाला चार लेंड्या.

मी अशी किंकाळी फोडली की मास्तर शेजारच्या घरातनं धावत आले.

"माझे त्याग खाल्ले!" मी मोगरीचं शिंग धरून ओरडत होते. "एवढे दिवस मी इग्याला मारलं न्हाई, ते सगळं फुकट गेलं!"

"मग आता मार," आत्या दारातनं म्हणाली. "हिशोब मिटला."

"त्याग फुकट जात नाहीत," मास्तर म्हणाले. "देवानं ते आधीच बघितलेले आहेत."

"मग काड्या कशाला ठेवायच्या?" इग्यानं विचारलं.

मास्तरांना असले सवाल आवडत नसत. "तुम्हाला दिसावेत म्हणून," ते म्हणाले.

"आता मोगरीला दिसतील," इग्या म्हणाला. "आतून."

आत्या दाराच्या चौकटीला धरून खाली बसली आणि पोट धरून हसली. हाताला मैदा होता, तो तोंडाला लागला. पदर खांद्यावर घसरला, फाटका कान उघडा पडला, तिला भान नव्हतं. मास्तर त्या कानाकडं बघत उभे राहिले. मग खाली वाकून गव्हाणीतल्या लेंड्या वेचायला लागले. पंचांसमोर न वाकणारा माणूस, एकेक लेंडी वेचून धोतराच्या सोग्यात धरत होता.

त्यानंतर गव्हाणी काही भरली नाही. दिवसच उरले नव्हते.

चौथ्या रविवारी दुपार कलली आणि पास्कलमामा आला. इस्त्रीचा सदरा, केसाला तेल, एका हातात केळ्यांची फणी, दुसऱ्या हातात नव्या साडीचं पुडकं. मास्तरांच्या पाया पडला, आजीच्या पडला. आजीनं पाय मागं घेतले, तर पुढं सरकून पडला. आम्हाला लिमलेटच्या गोळ्या दिल्या. मी लगेच तोंडात टाकली. माणूस वाईट असला तरी गोळी आंबटगोडच लागते.

"कशी आहेस, क्लारा?" तो भिंतीकडं बघून म्हणाला. मधासारखा बोलत होता. "घर नुसतं खायला उठतंय बघ तुझ्याबिगर."

आत्यानं पदर कानावर ओढला. तिची पिशवी मास्तरांनी सकाळीच दाराजवळ आणून ठेवली होती.

दिवेलागण झाली. चारही मेणबत्त्या पेटल्या. प्रार्थनेला मामा पहिल्या रांगेत, मास्तरांच्या समोर बसला. आवाज त्याचाच सगळ्यात मोठा होता. मग मास्तरांनी पेंढी मांडीवर घेतली.

"अगाथा?"

"मी मामानं दिलेली गोळी थुंकली."

"खावीशी वाटत होती?"

"लई. अर्धी राहिली व्हती."

त्यांनी मला काडी दिली. 'लई'बद्दल काही बोलले नाहीत. त्यांचं लक्ष नव्हतं.

"मला पण द्या एक, मास्तर," मामा हात जोडून म्हणाला. "मी पण त्याग केलाय. आगमनकाळ लागला तशी शपथ घेतली. देवाशप्पथ सांगतो, तेव्हापासून आजपर्यंत हिच्यावर एकदा पण हात उचलला न्हाई."

मास्तरांचा चेहरा उजळला. त्यांनी पेंढीतली सगळ्यात सरळ काडी शोधायला घेतली.

"पण आत्या तर इथंच हाये की," इग्या म्हणाला.

त्याला चेष्टा करायची नव्हती. त्याला खरंच कळत नव्हतं. त्यानं मामाकडं बघून नीट समजावलं, "दिवाळीपास्नं इथंच हाये. तुम्ही तिकडं आणि ती इकडं. मग हात कसा लागंल? लई लांब पडतं."

आजीच्या नाकातनं एक आवाज आला. माझ्या पण आला. मामाचा चेहरा एकदम बदलला. "गप ए, कार्ट्या!" म्हणत त्याचा हात खांद्याच्या वर गेला.

इग्या बसल्या जागी बसून होता. त्याला मार खायची सवय फक्त माझ्याकडून, आणि मी आधी ओरडायचे मग मारायचे. तो नुसता बघत राहिला. पण तिकडं भिंतीशी, एवढ्या लांब, आत्या गुडघ्यात मान घालून, दोन्ही हातांनी कान झाकून पार गोळा झाली होती. हात इग्यावर उचललेला. वाकली ती.

मामानं हात खाली घेतला आणि तेलकट केसांवरून फिरवला. "पोरं लाडावलीत," तो हसत म्हणाला.

मास्तर त्याच्याकडं बघत नव्हते. ते भिंतीकडं बघत होते. शोधून काढलेली काडी त्यांच्या बोटात तशीच होती.

आत्यानं हळूहळू कानावरचे हात काढले. आपण काय केलं, ते सगळ्यांनी बघितलं, हे तिला कळलं. ती उठली, पुढं आली आणि मास्तरांपुढं गुडघे टेकून बसली. मामाच्या बाजूला नाही, आमच्या बाजूला.

"बाबा, मला काडी द्या."

"कशाची?" मास्तरांनी विचारलं.

"मला जावंसं वाटत होतं."

"हां, मग..." मामा म्हणाला.

"तुमची मान खाली जाऊ नये, म्हणून जावंसं वाटत होतं. सकाळी तुम्ही पिशवी दाराशी ठेवली तेव्हा तर लई वाटलं. आता पण वाटतंय." तिनं हात पुढं केला. "मी जाणार नाही."

मेणबत्तीचं मेण पाल्यावर गळत होतं. नियम त्यांचाच होता. मनाला वाटलं पाहिजे आणि मनाला मुरड घातली पाहिजे. मी इग्याचा हात धरला. आम्हाला दोघांनाही नियम तोंडपाठ होता आणि त्यात कुठंच पळवाट दिसत नव्हती.

"मास्तर," मामा म्हणाला, "काय चाललंय हे?"

मास्तरांनी मामासाठी शोधलेली काडी आत्याच्या हातात दिली.

आत्यानं ती गव्हाणीत ठेवली नाही. दोन्ही हातात आडवी धरली, एकदा आजीकडं बघितलं आणि मोडली. सुकं काड, टक् असा आवाज झाला. दोन्ही तुकडे तिनं गव्हाणीत ठेवले, आमच्या चार काड्यांवर.

"आपल्या धर्मात असलं काही चालत न्हाई!" मामा ताडकन उठला. "फादरला सांगतो मी. सगळ्या जगाला सांगतो. मास्तरच्या घरात काडीमोड!"

"सांग," आजी म्हणाली. "जाताना केळी घेऊन जा. आणि ती साडी पण. तिच्या रंगाची न्हाई."

तो मास्तरांकडं बघत थांबला. मास्तर उठले. मला वाटलं, आता ते त्याला बसवतील, समजूत घालतील, ते तेच करत आलेले होते. त्यांनी दाराजवळची आत्याची पिशवी उचलली, आतल्या खोलीत नेऊन खुंटीला अडकवली आणि परत येऊन आपल्या जागी बसले. मामानं दार एवढं जोरात आपटलं की दोन मेणबत्त्या विझल्या.

मग मास्तर गव्हाणीवर वाकले आणि त्यांनी मोडकी काडी उचलली. दोन्ही तुकडे.

चूल हाताच्या अंतरावर होती. मी उभी राहिले. त्यांनी भिरकावली असती तर मी जाळात हात घातला असता, मास्तर असोत नाहीतर देव असो.

त्यांनी तुकड्यांच्या टोकावरून अंगठा फिरवला. कुसळ काढलं. फुंकर मारली. आणि बाळाचं डोकं येतं त्या जागी ते दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवले.

"बारीक आहेत," ते म्हणाले. "डोक्याखाली मऊ लागतील."

इग्या विझलेल्या मेणबत्त्या पेटवायला लागला. आजी गुडघ्यांवर हात टेकत उठली, मास्तरांच्या मांडीवरची पेंढी आपल्याकडं घेतली आणि त्यांच्यासमोर बसली.

"आता तुम्ही सांगा, मास्तर."

"माझं काय?"

"आत्ता. तिच्यावर रागवावंसं वाटत होतं का?"

मास्तरांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. आत्याकडं बघितलं.

"लई," मास्तर म्हणाले.

आजीनं त्यांना काडी दिली.